संकच्चिका आणि चोळी : स्त्रीचे उघडे अंग, लज्जा आणि जातिव्यवस्था

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले की आठेक किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार हे गाव लागते. सर्वसामान्य लोकांना ते विनोबांच्या परमधाम आश्रमामुळे ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणून परिचित आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनी ही ओळख मांडली आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. याच जिल्ह्यातील जांब येथे दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट मिळालेला आहे. आश्रमाच्या जमिनीत खणताना सापडलेले पाचव्या शतकातील शिल्पपट पवनारला आजही पाहावयास मिळतात.

या शिल्पपटांचे विषय ब्राह्मणी आहेत. तरीही बौद्ध इतिहासाच्या वाचकाने ते अवश्य पाहावेत, असे आम्ही सुचवू. कारण अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्या राजघराण्याच्या छायेत कोरली गेली, त्याच वाकाटकांच्या नंदिवर्धन-प्रवरपूर शाखेची ही कला आहे. वाशीमच्या, म्हणजे वत्सगुल्माच्या शाखेतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले. पवनार आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणी माणसे घडवण्याची रीत जवळजवळ एकच आहे: कमरेखाली नेसलेले वस्त्र, कमरेवर अलंकार. पुरुष असो वा स्त्री, वरचे अंग बहुधा उघडे.

या चित्र-शिल्पांसमोर आपले उपासक-उपासिका मुलाबाळांसह उभे राहतात, तेव्हा एक प्रश्न हमखास कुजबुजला जातो: या बायका अशा उघड्या कशा? पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या उघड्या छातीविषयी असा प्रश्न कोणी विचारीत नाही, हे येथेच नोंदवून ठेवू. प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे प्रचलित आहेत. एक उत्तर असे की, हे सारे कलावंतांचे व त्यांच्या धनिक आश्रयदात्यांचे कामुक चाळे होत. विहारात अशी चित्रे लावू नयेत. दुसरे उत्तर अलीकडे फार लोकप्रिय झाले आहे: प्राचीन भारतात स्त्री पूर्ण स्वतंत्र होती, लाज नावाची गोष्टच नव्हती, ती आधी मुसलमानांनी व मग इंग्रजांनी आणली. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी दोघांचे गृहीत एकच आहे. वस्त्र म्हणजे लज्जा, असे दोन्ही पक्ष मानतात. आमच्या मते पुरावा वेगळेच सांगतो. या देशात स्त्रीच्या वक्षावरील वस्त्र ही लज्जेची बाब होण्यापूर्वी, आणि झाल्यानंतरही, ती मुख्यतः दर्जाची बाब होती. वस्त्र कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये आणि कोणासमोर काढावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा खरा प्रश्न आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाचे चित्र पाहावे. राणी सीवली अलंकारांनी मढलेली आहे, पण तिचे वरचे अंग उघडे आहे. त्याच चित्रात राजाचे मन रमवण्यासाठी नाचणारी जी नर्तकी आहे, तिच्या अंगात मात्र लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे. इतरत्रही राण्या व राजकन्या उघड्या अंगाच्या आणि त्यांच्या भोवतालच्या काही दासी अंगरख्यात वा चोळीत, असा प्रकार दिसतो. सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजस्त्री अशीच आहे. म्हणजे या समाजात शिवलेले वस्त्र असणे हे कुलीनतेचे लक्षण नव्हते. ते सेवेचे, पेशाचे, कधी परप्रांतीयतेचे लक्षण होते. शिवणकाम ठाऊकच नव्हते म्हणून बायका उघड्या होत्या, हा तर्कही येथेच निकालात निघतो. अर्थात चित्र हे काही छायाचित्र नव्हे. रस्त्यावरील, शेतावरील स्त्री नेमकी कशी वावरत असे, ते या भिंतींवरून जसेच्या तसे काढता येणार नाही. पण ज्या समाजाने आपली राणी अशी रंगवली आणि ती भिक्खूंच्या निवासाच्या भिंतीवर रंगवली, त्या समाजाला उघडे वक्ष हे स्वतःच पाप वाटत नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते.

सांचीकडे पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथील पूर्व तोरणावरील शालभंजिका यक्षी जगप्रसिद्ध आहे. याच स्तूपाच्या कठड्यांवर व फरशांवर शेकडो लहान दानलेख आहेत आणि त्यांत भिक्खुनींची नावे मोठ्या संख्येने आढळतात. ज्या भिक्खुनी स्वतः पाच चीवरांत वावरत होत्या, त्यांनी ज्या स्मारकाला दान दिले, त्याच्या तोरणावर ही उघड्या अंगाची यक्षी कोरली गेली. यात विसंगती आहे, असे ना दान देणाऱ्यांना वाटले ना कोरणाऱ्यांना. आपल्याला ती वाटते, ती आपल्या काळाची वाटते.

मग भिक्खुनींना पाच चीवरे का? भिक्खूंना तीन: संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक. भिक्खुनींना याशिवाय आणखी दोन: संकच्चिका आणि उदकसाटिका. उदकसाटिका हे स्नानाचे वस्त्र. संकच्चिका हे वक्ष झाकणारे वस्त्र; विनयाच्या व्याख्येप्रमाणे गळ्याच्या हाडाखाली आणि नाभीच्या वर जो भाग येतो, तो झाकण्यासाठी. चोळी परकीयांनी आणली, असे म्हणणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण या नियमाची उत्पत्तिकथा फारशी वाचली जात नाही आणि वाचली तरी अर्धीच सांगितली जाते.

भिक्खुनीविभंगातील ९६ व्या पाचित्तियाची कथा अशी: श्रावस्तीत एक भिक्खुनी संकच्चिका न घालता भिक्षेसाठी गावात शिरली. वावटळ आली आणि तिची संघाटी उडाली. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. तिच्या वक्षाची व उदराची तोंड भरून स्तुती केली. ती भिक्खुनी खजील झाली. पालीतील शब्द 'मंकु' असा आहे. तिने विहारात जाऊन इतर भिक्खुनींना हे सांगितले, आणि पुढे संकच्चिकेवाचून गावात प्रवेश करणाऱ्या भिक्खुनीस पाचित्तिय आपत्ती ठरवण्यात आली.

आजची वाचक येथे विचारील, आणि तिने विचारावेच: आरोळ्या ठोकल्या पुरुषांनी, मग नियम तिच्यावर का? पहिले उत्तर साधे आहे. विनय हा संघाचा कायदा आहे. श्रावस्तीच्या टवाळांवर त्याचा अंमल चालत नव्हता. पण एवढे उत्तर पुरेसे नाही. आपण असे विचारू की, तेच कृत्य एखाद्या भिक्खूने केले असते तर? याचे उत्तर विनयात आहे. तिसऱ्या संघादिसेसाच्या विवरणात, रागासक्त भिक्खूने स्त्रीशी बोलताना तिच्या देहाचा उल्लेख केल्यास कोणती आपत्ती, याचा तपशील दिला आहे. गुह्य अवयवांचा उल्लेख केल्यास संघादिसेस, म्हणजे पाराजिकाखालोखाल सर्वांत गंभीर आपत्ती. ते सोडून गळ्याच्या हाडाखाली आणि गुडघ्याच्या वर जे अवयव येतात, त्यांची स्तुती वा निंदा केल्यास थुल्लच्चय. वक्ष याच मर्यादेत येते. 'अधक्खक', म्हणजे गळ्याच्या हाडाखालचा भाग, हा शब्द दोन्ही ठिकाणी एकच आहे, हे पालीच्या अभ्यासकाच्या सहज लक्षात येईल.

आता दोन्ही आपत्त्या शेजारी ठेवून पाहू. संकच्चिका न घालणारीस पाचित्तिय, जी केवळ कबुली देऊन शुद्ध होते. तिच्या वक्षाविषयी कामुक बोलणाऱ्यास थुल्लच्चय, जी पाचित्तियाहून जड. शिवाय पहिलीला सवलती किती! चीवर चोरीस गेले असेल, हरवले असेल, ती आजारी असेल, विसरली असेल, नकळत घडले असेल, संकट आले असेल, तर तिला आपत्तीच नाही. स्त्रीचे अंग उघडे पडणे आणि पुरुषाची जीभ उघडी पडणे यांत जड काय, याचा निवाडा विनयाने असा करून ठेवला आहे. आपल्या प्रवचनांतून पहिला नियम सांगितला जातो, दुसरा क्वचितच.

उदकसाटिकेची कथाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. अचिरवती नदीवर भिक्खुनी गणिकांच्या घाटावर विवस्त्र स्नान करीत आणि गणिका त्यांची थट्टा करीत: तरुणपणीच ब्रह्मचर्य कशाला, म्हातारपणी करावे! विशाखा मिगारमाता हिने तथागतांपाशी जे आठ वर मागितले, त्यांत भिक्खुनींसाठी स्नानवस्त्र देण्याचा वर आहे. पण तिचा पहिला वर कोणता होता? भिक्खूंसाठी पावसाळी स्नानवस्त्राचा. तिच्या दासीने पावसात विवस्त्र न्हाणारे भिक्खू पाहिले आणि विहारात भिक्खू नाहीत, आजीवक आहेत, असे तिला वाटले. विशाखेने नग्नतेला अशुचि व किळसवाणी म्हणताना पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत तेच शब्द योजले आहेत. तीर्थकांप्रमाणे नग्न राहण्याची मागणी एका भिक्खूने केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारून नग्नतेला आपत्ती ठरवले. अंग नीट झाकून गावात जावे, हा सेखिय नियमही भिक्खू-भिक्खुनी दोघांना सारखाच आहे. भिक्खुनीसंघावर जादा नियम लादले गेले, त्यातील काही विषमतेचे आहेत, आणि त्यावर आम्ही पांघरूण घालू इच्छित नाही. पण वस्त्राच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद आहे: संकच्चिका राजघराण्यातील भिक्खुनीला आणि दासीकुळातील भिक्खुनीला एकच होती. मापही एक, रंगही एक.

ज्या आचार्य धर्मानंद कोसंबींनी 'बौद्धसंघाचा परिचय' (१९२६) लिहून विनयाचे हे जग मराठी वाचकापुढे ठेवले, त्यांचा अंत जून १९४७ मध्ये याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला झाला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

ब्राह्मणी धर्मशास्त्राची रीत याच्या उलट आहे. तेथे वस्त्र एक नाही. वर्णागणिक, जातीगणिक वेगळे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे अलंकार विहित केले आहेत. म्हणजे माणूस दुरून दिसताच त्याची जात दिसली पाहिजे. या तत्त्वाचे सर्वांत उघडे रूप त्रावणकोर संस्थानात दिसले. तेथे वरिष्ठासमोर छाती उघडी करणे हीच आदराची रीत होती. नायर स्त्रीनेही ब्राह्मणासमोर वा देवळात तसे करावे, अशी अपेक्षा असे, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांना तर वरचे वस्त्र घेण्याचा अधिकारच नव्हता. भिक्खूही आदर दाखवताना उत्तरासंग एका खांद्यावर घेऊन दुसरा खांदा उघडा ठेवतो. परंतु तो आदर जातीला नाही, आणि तो करणाऱ्याने स्वतः स्वीकारलेला आहे.

शानार अथवा नाडर स्त्रियांनी १९ व्या शतकाच्या आरंभापासून वरचे वस्त्र घेण्यास सुरुवात केली. ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांना सैल कुडते घालण्याची मुभा मिळाली, पण १८२९ च्या राजाज्ञेने नायर स्त्रियांप्रमाणे वरचे वस्त्र घेण्यास मनाई केली. बाजारात स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, १८५८-५९ मध्ये दंगे झाले, आणि २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. पण कशी? कुडते घालावे किंवा कोळी स्त्रियांप्रमाणे जाडेभरडे वस्त्र घ्यावे. वरिष्ठ जातींच्या स्त्रियांसारखे मात्र नेसू नये. या अटीतच सारे मर्म आहे. प्रश्न लज्जेचा असता तर अंग झाकले जाताच तो संपला असता. १९१५ साली पेरिनाड येथे अय्यनकाळींच्या पुढाकाराने पुलय स्त्रियांनी जातीची खूण असलेल्या दगडी मण्यांच्या माळा काढून टाकल्या.

येथे आपल्या व्यासपीठांविषयी एक सूचना करावीशी वाटते. चेर्तला येथील नंगेलीची कथा, स्तनकराच्या निषेधार्थ तिने आपले स्तन कापून दिल्याची, आपल्याकडे इतिहास म्हणून सांगितली जाते. ती लोककथा आहे. समकालीन कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडलेला नाही, आणि 'मुलक्करम' हे वस्त्रावरील कराचे नव्हे, तर स्त्रियांकडून घेतल्या जाणाऱ्या डोईपट्टीचे नाव होते, असे अनेक अभ्यासक मानतात. कथेला लोकस्मृती म्हणून मोल आहेच. पण राजाज्ञा, जाहीरनामे व मिशनऱ्यांची पत्रे यांचा भक्कम पुरावा हाती असताना आपण कथेवर भिस्त ठेवली, तर प्रतिपक्षाला कथा खोडून काढताना साराच इतिहास खोडल्याचा आव आणता येतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१६ साली नववीच्या परीक्षेतून जात व वस्त्रसंघर्षाचा भाग वगळला आणि २०१९ मध्ये वेशभूषेच्या सामाजिक इतिहासाचे ते प्रकरणच पाठ्यपुस्तकातून गेले. तेव्हा कागदपत्रे आपणच जपली पाहिजेत.

हे सारे दूरच्या केरळातले, असे म्हणून महाराष्ट्राला सुटता येणार नाही. मराठीत साडीचोळी करणे म्हणजे स्त्रीचा मान करणे. मग जिचा मान काढून घ्यायचा, तिचे काय? ब्राह्मण घरातील केशवपन केलेल्या विधवेला चोळी वर्ज्य होती. एक अलवण, तेच डोक्यावरून, तेच छातीवरून. त्याखाली काही नाही. ज्या घरात सधवेची चोळी हे शालीनतेचे चिन्ह, त्याच घरात विधवेच्या अंगावर चोळी दिसणे हे निर्लज्जपणाचे! एकाच घरात, एकाच पिढीत, एकच वस्त्र एकीला लाज आणि दुसरीला शोभा कसे ठरते? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विधवेवरच्या या अन्यायाला पुरुषसत्तेचे नाव दिले. उलट, पूर्व विदर्भात भामरागडकडील माडिया स्त्रियांच्या उघड्या अंगात त्यांच्या स्वतःच्या समाजाला काही अशोभनीय वाटत नव्हते. ते 'रानटी' वाटले बाहेरून आलेल्यांना.

डिसेंबर १९२७ मधील महाडची परिषद या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत, गळाभर सऱ्या आणि हातभर चांदी-कथिलाचे दागिने या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत. त्या टाका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. चित्रे व टिपणीस या सहकारी कुटुंबांतील स्त्रियांनी लुगडे घोट्यापर्यंत कसे नेसावे ते दाखवले, आणि परत जाताना स्त्रिया नव्या पद्धतीने नेसून निघाल्या. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात अशा अनेक स्त्रियांच्या हकिकती एकत्र आल्या आहेत.

काही समाजशास्त्रज्ञ याला वरिष्ठ जातींचे अनुकरण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. अनुकरण करणाऱ्याला वरच्या पायरीवर जायचे असते. येथे पायरीच नाकारायची होती. ज्यांनी प्रेताची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने सांगणारा ग्रंथ जाळला, त्यांनीच कथिलाचे दागिने काढून टाकण्यास सांगितले, हा योगायोग नव्हे. चवदार तळ्याचे पाणी आणि घोट्यापर्यंतचे लुगडे या एकाच हक्काच्या दोन बाजू होत्या. बाबासाहेब स्वतः सूट-बुटात वावरले, यावरही पुष्कळ टीका झाली. त्याच काळात महात्मा गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला आणि १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या सेगावात तशाच वेशात राहिले. ज्याच्यापाशी कपाटभर वस्त्रे होती, त्याने ती टाकली तर तो त्याग होतो. ज्याला वस्त्र घेऊच दिले नाही, त्याचे उघडे अंग हा त्याग होत नाही. आणि पुरुषाच्या उघड्या छातीला महात्मेपण चिकटले, तसे ते कोणत्या स्त्रीला चिकटले असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेला आलेल्या स्त्रिया पांढऱ्या लुगड्यांत होत्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांतूनही माणसे आली होती. पांढरे वस्त्र ही उपासक-उपासिकांची जुनी ओळख. पालीत 'ओदातवसन' असा शब्दच आहे. ब्राह्मणी समाजात पांढरे लुगडे म्हणजे वैधव्य. येथे सधवा, विधवा, कुमारिका सगळ्यांनी ते एकदम नेसले.

अलीकडे काही ठिकाणी तरुण मुलींनी विहारात काय घालून यावे, याविषयी सूचना निघू लागल्याचे आमच्या ऐकण्यात येते, आणि त्यासाठी संकच्चिकेच्या नियमाचा हवाला दिला जातो. हा हवाला चुकीचा आहे. तो नियम उपसंपदा घेतलेल्या भिक्खुनीसाठी आहे. उपासिकेच्या पंचशीलात वा अष्टशीलात चोळीचे माप नाही. तरीही ज्यांना विनयच लावायचा आहे, त्यांनी तो पुरता लावावा: मुलींच्या कपड्यांविषयीची सूचना विहाराच्या दारावर लावताना तिच्याशेजारी तिसऱ्या संघादिसेसाचे विवरणही लावावे, आणि ते विहाराच्या दारात उभे राहून मुलींकडे पाहत शेरे मारणाऱ्यांना नीट वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावे.